एका काडीचा हिवाळा

एल्व्हा,

तुझ्या घरात नवीन माणसं आलीत आणि त्यांना शेगडी पेटवता येत नाही. पहिल्या दिवशी झकास पेटली. ती का, ते मला ठाऊक आहे, पुढं सांगते. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या धुराड्यातून पिवळट, ओला धूर निघतोय आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्या दोरीवरच्या चादरींत शिरतोय. सकाळपासून मी दोनदा कोट चढवला आणि दोनदा काढून ठेवला. तरुण जोडपं आहे, मेलबर्नचं. बाई फार गोड हसते. अशा माणसांना जाऊन ‘तुमचं चुकतंय’ म्हणायला मला एरवी काही वाटत नाही, हे तू जाणतेसच. पण ती शेगडी तुझी. मार्चमध्ये तुला पोचवून आलो, तरी माझ्या लेखी ती तुझीच. तेव्हा आधी तुझ्याशी बोलते, मग त्यांच्याकडं बघते.

तू म्हणायचीस, माझं आयुष्य सांगायला घेतलं तर चहा गार व्हायच्या आत संपेल. ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला जन्म, शाळा सुटली तशी सफरचंदांच्या शेडमध्ये, मग क्लॅरीशी लग्न, मग लेक जॅनीन, ‘आणि मग नेल, तू समोर राहायला आलीस आणि शांतता संपली.’ माझं नलिनी हे नाव क्लॅरीनं जेमतेम दोन दिवस पेललं, तिसऱ्या दिवशी त्याची नेल केली.

तुझे हात मात्र तू कधी हिशेबात धरले नाहीस. जहाजानं परदेशी जाणारं एकेक सफरचंद तेव्हा पातळ कागदात गुंडाळायचे. तुझा एक हात फळ उचलायचा, दुसरा कागद, आणि पिळा पडलेला दिसायच्या आत फळ खोक्यात बसलेलं असायचं. म्हातारपणीसुद्धा तू पुडीचा दोरा सोडायचीस तो अस्साच, बघणाऱ्याला कळू न देता. क्लॅरी त्याच शेडमध्ये खोक्यांना झाकणं ठोकायचा. तो म्हणायचा, हिच्यापायी माझं बोट ठेचलं. तू म्हणायचीस, खिळ्यावरची नजर काढून भलतीकडं बघितलं की ठेचतंच.

स्वयंपाकघरातली चूल तुझी होती. ती काढून विजेची आली, त्याच साली बैठकीत ही लोखंडी शेगडी आली, काचेच्या दाराची. ती पहिल्या दिवसापासून क्लॅरीची. तुला तिच्या दाराला हात लावायची मुभा फक्त काच पुसण्यापुरती. आणि ती काच पुसणं म्हणजे कोळसा उगाळण्यातलाच प्रकार होता, कारण क्लॅरीला आपल्या खोऱ्यातलं ते खूळ होतं, एका काडीच्या हिवाळ्याचं.

एप्रिल संपता संपता अँझॅक डेच्या पहाटे सैनिकांच्या स्मारकाला फूल वाहून यायचं, शेगडीत काडी ओढायची, आणि थेट ऑक्टोबरातल्या होबार्टच्या जत्रेपर्यंत दुसरी काडी ओढायची नाही. ज्याचा विस्तव मध्येच विझला त्याला बोलिंग क्लबात वर्षभर ऐकावं लागे. बर्नीनं एका ऑगस्टमध्ये चोरून दुसरी काडी वापरली आणि त्याच्या बायकोनं ते क्लबात सांगून टाकलं. बर्नी धुराडी साफ करतो, गावातल्या प्रत्येक घराची कौलं त्याला पाठ आहेत, पण त्याची ओळख अजूनही ‘दोन काड्यांचा बर्नी’ हीच.

विस्तव टिकवायची युक्ती काय, तर झोपण्यापूर्वी आत मावेल तेवढा मोठा ओंडका कोंबायचा आणि हवा आत सोडणारी पट्टी गच्च बंद करायची. ओंडका रात्रभर आत कुढत बसतो. सकाळी सळईनं उकरलं की पोटात लाल निखारा. मग सगळं घर गार असलं तरी पुरुषाची छाती फुगलेली. कोंडलेल्या विस्तवातून ऊब निघत नाही, धूर निघतो, आणि तो नळीत गार होऊन डांबरासारखा चिकटून बसतो, हे मी शाळेत विज्ञानाच्या तासाला घसा फोडून शिकवायचे. क्लॅरीला सांगायला गेले तर तो म्हणाला, ‘नेल, माझा विस्तव शाळेत गेलेला नाही.’

आणि एका वर्षी त्यानं अँझॅकला काडी ओढली आणि मेच्या मध्यावर एका दुपारी सरपणाच्या थप्पीला टेकून बसला, तो उठलाच नाही.

जूनमध्ये मी माझी केकची बशी न्यायला तुझ्याकडं आले. तुझ्या अंगात कोट होता, गळ्याला मफलर होता आणि डोक्यावर क्लॅरीची लोकरी टोपी.

‘कुठं निघालीस?’ मी विचारलं.

‘कुठं नाही. बसलेय.’

‘घरात?’

‘मग काय फाटकात बसू?’

शेगडीची काच तव्याच्या बुडासारखी काळी. आत काहीतरी कण्हत होतं. खोलीत धुराचा वास इतका की तुझ्या चहालासुद्धा लागला होता. भिंतीला हात लावला तर ओल. मी खिडकी उघडायला गेले, तशी तू म्हणालीस, ‘नको, आहे तेवढी तरी ऊब राहू दे.’

‘कुठं आहे ती? मला दाखव.’

तू हसलीस, आणि मग हसता हसता थांबलीस. ‘जॅनीनचा फोन होता. शाळांना सुट्टी लागली की येतेय. घर असंच गार असलं तर सोबत घेऊनच जाणार म्हणाली. ब्रिस्बेनला त्यांच्या मागच्या अंगणात खोली केलीय. तिथं स्वेटर लागत नाही म्हणे.’

‘मग हिवाळाभर माणसानं तिथं करायचं काय?’

‘तेच तर.’

‘तुला जायचंय?’

‘मी एकदा या खोऱ्याबाहेर राहिले होते नेल, मेलबर्नला, नणंदेकडं. परत येईस्तोवर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तिथं नदीचा आवाज नव्हता, आणि लोक म्हणत होते, किती शांत आहे ना.’

‘मग शीक.’

‘काय?’

‘शेगडी.’

‘अगं, चूल पेटवण्यात जन्म गेला माझा!’

‘ही चूल नाही. चुलीला घास घास भरवावं लागतं. हिला पोटभर वाढायचं, तोंड मिटायचं आणि हिच्या वाटेला जायचं नाही.’

तुला शिकवणं सोपं नव्हतं. तू घडीघडीला दार उघडून आत डोकवायचीस, जणू भात शिजलाय का बघतेस. सळईनं ढोसायचीस. मी तुझ्या हातातनं सळई काढून घेतली आणि उंच फळीवर ठेवली, तर तू खुर्चीवर चढून काढलीस. लाकडाचं मात्र तुला लगेच कळलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या; धप्प वाजली तर ओली, खणखणीत वाजली तर वाळलेली. तू घरामागची क्लॅरीची थप्पी टोक टोक वाजवत गेलीस आणि म्हणालीस, ‘हे बघ, इथून मागं गेल्या साली फोडलेलं. इथपर्यंत यंदाचं. मागलं काढायला आधी अलीकडचं हलवावं लागेल. आयुष्यभर त्याचं हेच. चांगलं ते मागं.’ आपण दोघींनी थप्पी हलवली. माझी कंबर आठवडाभर बोलत होती.

मग रचणं. खाली दोन जाड फाटे, वर आडव्या-उभ्या काटक्या, कागदाचे बोळे. हवेची पट्टी पूर्ण उघडी, दार बोटभर किलकिलं. ज्वाळा नीट धरली की दार लावायचं. नवं लाकूड घातलं की तेही चांगलं पेटू द्यायचं आणि मगच पट्टी थोडी थोडी ओढायची, शेवटपर्यंत कधीच नाही. दिवसा तुला हे सगळं जमायला लागलं. कागदाचे बोळे तर तू असे वळायचीस की मी नुसती बघत राही. दुपारपर्यंत तुझा मफलर उतरायचा. पण दुसऱ्या सकाळी मी यावं तर काच काळी, खोली गार, आणि तू पुन्हा टोपीत. असं चार-पाच दिवस झाल्यावर माझं डोकं फिरलं.

‘रात्री काय करतेस तू?’

‘काही नाही.’

‘ओंडका कोंबतेस. पट्टी बंद करतेस. काच सांगतेय मला.’

‘काच फार बोलते तुझ्याशी.’

‘विझू दे ना रात्री! पांघरुणात असतेस. सकाळी नवी पेटव. काड्यांची पेटी काय सोन्याची आहे?’

तू हातातली ढलपी खाली ठेवलीस. ‘नेल,’ तू म्हणालीस, ‘हा क्लॅरीनं पेटवलेला आहे.’

मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. माझ्या बाबतीत हे किती क्वचित घडतं, ते तू पुढं गावभर सांगितलंस. त्याचे कपडे तू देऊन टाकले होतेस. हत्यारं बर्नीला दिली होतीस. आणि मी शहाणी, आठवडाभर तुला वायुवीजन शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी बर्नीलाच घेऊन आले. त्यानं बोटांची हाडं नळीवर वाजवली. मातीच्या भिंतीसारखा आवाज आला.

‘एल्व्हा, यात इतकं डांबर आहे की पुलापर्यंत रस्ता होईल.’

‘मग कर की साफ.’

‘विझव, करतो.’

‘पेटती असताना नाही का होत?’

‘बाई, मला अजून जगायचंय. घरची म्हणते कशाला, पण मला जगायचंय.’ मग त्याचा आवाज खाली आला. ‘चेष्टा नाही करत. हे असंच राहिलं तर एक दिवस नळी आतून पेटेल आणि छपराला धरेल. मग ब्रिस्बेनला जायचं की नाही हा प्रश्नच राहणार नाही.’

तू शेगडीसमोर जाऊन उभी राहिलीस. मला वाटलं आता रडशील. तू वळून मला विचारलंस, ‘तुझ्या शेगडीत जागा आहे का गं?’

आपण तिघं तो पत्र्याचा डबा घेऊन निघालो तेव्हाचं आठवतं ना? बर्नीनं फावड्यानं निखारे भरले, वर झाकण. डबा त्याच्या हातात, तू शेजारून त्यावर नजर ठेवून, मी पुढं. नेमका लाकडांचा ट्रक आला. बर्नीनं हात वर करून तो थांबवला, जणू राणीची स्वारी चाललीय. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, ‘काय रे बर्नी, तिसरी काडी का?’

रस्ता ओलांडताना मी तुला सांगितलं, माझ्या आजोळी शेजारणी सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला यायच्या. चुलीतला निखारा त्यावर ठेवला की फुंकत फुंकत घरी.

‘मग परत कधी द्यायच्या?’

‘विस्तव कोण परत देतं? तो त्यांच्या चुलीत गेला की त्यांचा.’

तू डब्याचं झाकण नीट बसलंय का बघितलंस.

माझी शेगडी रिकामी करून ठेवली होती. निखारे ओतले, वाळलेली लाकडं रचली, पट्टी उघडली. तू बर्नीवर लक्ष ठेवायला परत गेलीस. त्यानं दिवसभर घासून तुझ्या नळीतून काळ्या खपल्यांच्या बादल्या काढल्या, दाराच्या कडेची हवा अडवणारी झिजलेली दोरी बदलली आणि जाताना मला हाक मारून सांगितलं, आता नळीला हवेची ओढ इतकी आहे की मांजर जवळ ठेवू नका.

संध्याकाळी तू डबा घेऊन आलीस. माझ्या शेगडीची काच स्वच्छ असते, त्याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. तू समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसलीस, लगेच निघणाऱ्या माणसासारखी. आत ज्वाळा पिवळ्या, आळसावल्यासारख्या, लाकडापासून सुटून वरच्या वर फिरत होत्या.

‘हा असा दिसतो होय,’ तू म्हणालीस.

‘काय?’

‘त्याचा विस्तव. इतकी वर्षं त्या काळ्या काचेमागं काय करत होता, कुणाला माहीत.’

तू टोपी काढलीस. मग मफलर. चहा झाला, तू कोटही काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलास आणि नीट मागं टेकून बसलीस. मी फावडं आणलं. ‘भरू?’

‘राहू दे.’

‘म्हणजे?’

‘तुझ्या चुलीत गेला तो तुझा. तूच म्हणालीस.’

‘एल्व्हा, मी रात्री विझू देते. तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे. आणखी लाकूड घालू नकोस.’

आपण बसून राहिलो. जेवण करायचं होतं, ते मी केलं नाही. ज्वाळा बसत गेल्या, निखाऱ्यांवर राखेची साय धरली. मधेच तू म्हणालीस, ‘बोटाचं खोटं होतं हं. त्याचं बोट माझ्यामुळं नाही ठेचलं. तो माझ्याआधीच्या मुलीकडं बघत होता.’ आणि इतकी हसलीस की मला रुमाल द्यावा लागला. तुला घरी पोचवून मी परत आले तेव्हा एकच ठिपका राहिला होता. मी शेगडीचं दार उघडून बघायला गेले नाही.

सकाळी तू राख न्यायला आलीस. ती गार झालेली, डब्यात भरलेली. मग आपण तुझ्याकडं गेलो आणि तू रचलंस, सगळं बरोबर. काडी तू ओढलीस. मी हात पाठीमागं बांधून उभी होते, एक शब्द बोलले नाही. बरं, एकदाच बोलले. दार किलकिलं ठेव म्हणाले. तू म्हणालीस, ‘ठेवतेय गं मास्तरीणबाई.’

आणि जॅनीन आली. आपल्या खोऱ्यातल्या पोरांना पुलावरून वळलं की आधी घरच्या धुराड्याकडं बघायची सवय. धूर दिसला की घरात माणूस आहे. तिला धूर दिसला नाही. मी तुझ्याकडंच होते. गाडी करकचून थांबल्याचा आवाज आला, आणि ती बुटांसकट आत धावली, मागं गाडीचं दार सताड उघडं.

‘आई! विस्तव विझलाय?’

तू आखूड बाह्यांच्या ब्लाउजात चहाबरोबरच्या स्कोनचं पीठ मळत होतीस. ‘विझेल कशाला? बूट काढ आधी, गालिचा खराब होतोय.’

‘पण धूर नाही!’

‘धूर म्हणजे नळीतनं पळून गेलेलं लाकूड. नेलनं शिकवलं नाही का तुला शाळेत?’

‘शिकवलं असेल. मी खिडकीबाहेर बघत असेन.’

‘बघत होतीस,’ मी म्हणाले.

तिनं घराची कसून तपासणी केली. भिंतींना हात लावले, गादीखाली ओल बघितली. तू तिला शेगडी पेटवायला लावलीस; तिनं बापासारखी पट्टी लवकर बंद केली आणि काच काळी करून घेतली. तू तिच्या मागं उभी राहून म्हणालीस, ‘घाई करू नकोस, तिला श्वास घेऊ दे.’ निघायच्या दिवशी मात्र ती माझ्याशी फाटकात जरा फणकाऱ्यानंच बोलली. ‘नेलमावशी, तुम्ही तिला माझ्याकडं येऊ दिलं नाहीत.’ मी म्हणाले, मी फक्त शेगडी शिकवली. ती म्हणाली, ‘तेच.’ मग डोळे पुसत हसली. ब्रिस्बेनची ती खोली तिनं पिवळ्या रंगानं रंगवून ठेवली होती, तुझ्या स्वयंपाकघरासारखी. त्या खोलीचं मला अजूनही वाईट वाटतं. कोण बरोबर होतं, हे मला विचारू नकोस. तू राहिलीस आणि उबेत राहिलीस. त्यानंतरचे सगळे हिवाळे बर्नी तुला ‘रोज एक काडी’ म्हणून चिडवायचा, आणि तू त्याला काड्यांची पेटीच भेट द्यायचीस.

राहिला तो राखेचा डबा. नदीपलीकडच्या उतारावर, जिथं तुमची शेड होती, तिथल्या सफरचंदांच्या बुडाशी ती राख टाकायची. राख झाडांना चांगली. सप्टेंबरात कळ्या फुगल्या की जाऊ, तू गाडी चालव, असं तूच म्हणालीस. पहिल्या सप्टेंबरात पाऊस लागला. दुसऱ्यात तुझा गुडघा. मग माझा मोतीबिंदू. एकदा तर मी गाडी चालू करून फाटकात हॉर्न वाजवत होते, डबा मागच्या सीटवर, आणि तू पायरीवर उभी राहून म्हणालीस, ‘आज वारं फार आहे, नेल. पुढल्या वर्षी जाऊ.’ झाडाचं पान हलत नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, तुला जायचंच नाहीये. तू म्हणालीस, ‘चहा घे आत येऊन.’ मी गाडी बंद केली.

मार्चमध्ये, सफरचंदांची तोड चालू असताना, तू झोपेत गेलीस. जॅनीन घर आवरायला आली तेव्हा आम्ही शेगडीचं दार उघडलं. आत सगळं रचलेलं: खाली दोन फाटे, वर काटक्या, कागदाचे बोळे, प्रत्येकाला तुझा तो पिळा. अँझॅकची तयारी. आम्ही कुणीच हात लावला नाही. त्या मेलबर्नच्या पोरांनी नुसती काडी लावली, म्हणून पहिल्या दिवशी झकास पेटली. दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांना रचावं लागलं.

धूर अजून चालूच आहे. आता जातेच. त्यांना पट्टी दाखवते, थप्पीत वाळलेलं कुठं आहे ते सांगते. बाई नवऱ्याला पुढं करत होती, मी बाईलाच शिकवीन.

डबा माझ्या ओसरीवर आहे. जॅनीननं विचारलं, हे काय, टाकू का. मी म्हणाले, माझा आहे. परवा मी पलीकडच्या उतारावरून गाडी नेली, नुसती बघायला. सफरचंदाची झाडं उपटून टाकलीत. चेरी लावल्यात सगळीकडं, वर पांढरी जाळी. चेरीला राख चालते का, ते बर्नीला विचारायचं राहिलंय.